बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा

गेल्या महिन्यात आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूस काढून ठेविले होते. पत्र एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाचक भगिनीचे आहे. घर एकत्र कुटुंबाचे. वडीलधाऱ्या सासूबाई, दीर-जावा, मुले, नातवंडे अशी पंधरा-सोळा माणसे एका चुलीवर जेवतात, आणि तीन पिढ्यांपासून घरात विद्या आहे. यंदा या भगिनींची धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. इस्पितळात सुखरूप सुटका झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ-बाळंतीण घरी आली. त्याच दुपारी खांद्याला पिशवी अडकवलेली, हातात वही घेतलेली गावातील आशाताई दाराशी उभी राहिली.

सासूबाईंनी तिला ओटीवरूनच निरोप दिला. "बाई, आमचे डॉक्टर आहेत. ज्यांना कोणी नाही त्यांच्याकडे तू जा." तिने एवढेच म्हटले, "आजी, बाळाच्या तळपायाला हात लावून बघते नि जाते." सासूबाईंनी मानेनेच नको म्हटले. तिने वहीत काही टिपले आणि सातव्या दिवशी पुन्हा येईन असे सांगून ती निघून गेली. सातव्या दिवशी ती आलीही. त्या दिवशीचे वृत्त आम्ही या लेखाच्या शेवटी देऊ. पत्राच्या अखेरीस भगिनी विचारतात, "आमचे चुकले काय? आणि चुकले असल्यास नेमके काय चुकले?"

प्रश्न एका घराचा दिसतो, पण तो तसा नाही. तोच प्रश्न आज नेपाळातील डोंगरात, बांगलादेशातील भातशेतीच्या काठी आणि इथिओपियातील पठारावर लक्षावधी घरांच्या दाराशी उभा आहे. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने द्यावे असे आम्हांस वाटले.

प्रथम या प्रश्नाचे मोल काय ते पाहू. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे २३ लक्ष बालके जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावली, असा संयुक्त राष्ट्रांचा हिशेब आहे. पाच वर्षांच्या आतील एकंदर बालमृत्यूंपैकी हा जवळजवळ निम्मा भाग होय. २०२३ साली गर्भारपण व बाळंतपण यांतून उद्भवलेल्या कारणांनी सुमारे २ लक्ष ६० हजार माता मृत्यू पावल्या, आणि त्यांतील दर दहांपैकी नऊंहून अधिक गरीब व अल्प उत्पन्नाच्या देशांतील होत्या. नवजात बालकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच घडतात. म्हणजे बारशाच्या पाळण्याला दोरी बांधण्यापूर्वीच या बालकांचा निकाल लागलेला असतो.

आमच्या आज्या-पणज्यांना ही आकडेवारी ठाऊक नव्हती. परंतु तिचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. पाचवीची पूजा, सहाव्या रात्रीचे जागरण, सटवाईपुढे ठेविलेला कोरा कागद व लेखणी ही सारी व्यवस्था कशासाठी होती? पहिला आठवडा हा बाळाच्या आयुष्यातील सर्वांत जोखमीचा काळ आहे, या काळात घराने डोळ्यांत तेल घालून जागले पाहिजे, हे पिढ्यान् पिढ्यांच्या दुःखाने शिकविलेले ज्ञान त्या विधीत साठविलेले आहे, असे आमचे मत आहे. आपण जागत होतो. मात्र जागून काय पाहावयाचे, हे आपणांस ठाऊक नव्हते. म्हणून जे घडे ते कपाळीच्या लेखावर ढकलून आपण डोळे पुसत असू.

आणि हे दुःख केवळ अशिक्षितांच्या झोपडीतले होते असे कोणी समजू नये. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपल्या वाचकांस परिचयाचे आहेच. १८६५ साली जन्मलेल्या या ब्राह्मण कन्येस चौदाव्या वर्षी मुलगा झाला, आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दहा दिवसांनी तिच्या आयुष्याला वळण लाविले. १८८३ साली ती अमेरिकेस गेली व १८८६ साली डॉक्टर झाली. पदवीसाठी तिने प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडिला होता. परतल्यावर अल्पकाळातच, १८८७ साली, तिचे पुण्यात देहावसान झाले. त्या घरात विद्या होती, विद्येची ओढ तर असामान्य होती. उणीव एवढीच होती की बाळंतिणीच्या खोलीत जाऊन वेळेवर बाळाकडे पाहू शकेल असे जाणते माणूस नव्हते.

डॉक्टर असणे आणि खोलीत जाणते माणूस असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या लेखाचे सार होय. डॉक्टर आपल्या जागी बसलेला असतो. त्याच्याकडे कोणी तरी बाळाला न्यावे लागते, आणि न्यावयाचे ते केव्हा, हे घरातील कोणास तरी उमगावे लागते. नवजात बालक आजारी पडले म्हणजे मोठ्या मुलासारखे आकांत करीत नाही. ते उलट शांत होते. अंगावर पिणे कमी करते, हातपाय गार पडतात, डोळे मिटून पडून राहते. घरातली माणसे कौतुकाने म्हणतात, "किती गुणी बाळ आहे, रडतसुद्धा नाही!" आणि त्या कौतुकात घटका निघून जातात.

ही घटका कशी धरावयाची, याचा पाठ ज्यांनी जगाला दिला ते आपल्याच प्रांतातील आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली. जंगलाचा मुलूख, इस्पितळे दूर, बाळंतपणे बहुतेक घरीच. तेथील पाहणीत १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६० बालके पहिल्या महिन्यात दगावत होती. बालके इस्पितळापर्यंत येत नाहीत तर उपचारानेच बालकाच्या घरी जावे, असे या दांपत्याने ठरविले. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावातीलच एकेक स्त्री निवडली. शिक्षण पाच ते दहा इयत्तांचे. शेजारच्या ४७ गावांत हा प्रयोग केला नाही, म्हणजे दोहोंची तुलना करता यावी.

या स्त्रियांना काय शिकविले? गर्भारपणापासून घरी जाऊन ओळख ठेवावयाची. बाळंतपणाच्या वेळी हजर राहावयाचे. ते सुइणीचे काम बळकावण्यासाठी नव्हे, तर सुईण आईकडे पाहत असता बाळाकडे पाहणारे दुसरे डोळे असावेत म्हणून. बाळ रडले नाही तर मुखवटा व फुग्याच्या साह्याने त्याला श्वास देण्याची रीत. बाळाचे वजन, ताप, श्वासांची गणती. लहान वजनाच्या बाळास उबेत ठेवण्याची युक्ती. जंतुदोषाची लक्षणे ओळखून, आईबापांची संमती घेऊन, ठरलेल्या मात्रेत औषध व सुई देणे. आणि या सर्वांवर देखरेख करणारे डॉक्टर, जे वरचेवर गावात येऊन कामाची व वहीची तपासणी करीत.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, या गावांतील दर शंभरांपैकी ९३ नवजात बालकांना घरपोच सेवा मिळाली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता पहिल्या महिन्यातील मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. जंतुदोष झालेल्या बालकांपैकी पूर्वी दर शंभरांत सुमारे १७ मृत्यू पावत. या स्त्रियांनी उपचार केलेल्यांत ते प्रमाण तीनांच्या आत आले. हा वृत्तांत डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक देशांतील पंडितांच्या भुवया उंचावल्या. सातवी-आठवी शिकलेल्या खेड्यातील स्त्रीच्या हाती नवजात बालकाचा जीव सोपविता येतो, ही कल्पनाच पुष्कळांना मानवत नव्हती.

मग इतरत्रही पडताळे घेतले गेले. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात गृहभेटींचा जो प्रयोग झाला त्याचे फळ २००८ साली प्रसिद्ध झाले. तेथे मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्रमाण गडचिरोलीएवढे नव्हते, पण दिशा तीच होती. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मिळून निवेदन काढले की, घरी जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांत व तिसऱ्या दिवशी, आणि शक्य तर पहिला आठवडा संपण्यापूर्वी आणखी एकदा, जाणत्या व्यक्तीने भेटावे. आपल्या देशात २००५ साली आशा योजना सुरू झालेलीच होती. २०११ पासून आशाताईंकडे घरपोच नवजात सेवेचे काम देण्यात आले. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी, आणि घरी जन्मलेल्या बाळाकडे त्याशिवाय पहिल्याच दिवशी. आमच्या भगिनींच्या दाराशी तिसऱ्या दिवशी जी उभी राहिली, ती भिक्षेस आली नव्हती, पाहुणचारासही आली नव्हती. ती या हिशेबाने, दिवस मोजून आली होती.

ती आत येऊन काय करते, हेही आपल्या गृहिणींना ठाऊक असावे. प्रथम हात साबणाने धुते. बाळाचे वजन ताणकाट्याला झोळी अडकवून करते. अडीच किलोंच्या आत असलेले बाळ विशेष जपावे लागते. काखेत तापमापक धरते. तळपायाला हात लावते, कारण पोट ऊन आणि पाय गार असेल तर बाळ गारठू लागले असे समजावयाचे. पोटाची हालचाल पाहून घड्याळावर मिनिटभर श्वास मोजते. ते ६० वा अधिक भरले तर पुन्हा मोजते, आणि तरीही तेवढेच भरले तर ती धोक्याची खूण. बेंबी लाल आहे काय, तिच्यातून पू येतो काय, अंग पिवळे दिसते काय, बाळ नेहमीसारखे ओढून पिते काय, हे पाहते. मग बाळंतिणीकडे वळते. रक्तस्राव फार आहे काय, ताप आहे काय, डोके फार दुखते काय, स्तनांत गाठ आहे काय. एवढ्या कामास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि यांतील एकही गोष्ट अशी नाही जी आपल्या घरातील शहाण्या स्त्रीला शिकता येणार नाही.

घरच्या चालीरीतींविषयी ती जे सांगते ते मात्र आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना प्रथमदर्शनी रुचत नाही. पहिला चीक टाकून न देता बाळाला तासाभराच्या आत पाजावा. मध, गूळपाणी व घुटी चाटवू नये. पहिल्या दिवशी बाळास न्हाऊ घालू नये. बेंबीला हळद, राख वा तेल न लावता ती कोरडी ठेवावी. खोलीत धुराची शेगडी कोंडून ठेवू नये. हे ऐकून आजीबाई म्हणतात, "आम्ही काय मुले वाढविली नाहीत?" वाढविली, हे खरेच. परंतु जी वाढली नाहीत त्यांची मोजदाद आपण कधी ठेविली नाही, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ती सर्वच जुने टाकावयास सांगते असे नव्हे. सव्वा महिना बाळंतिणीस विश्रांती, ऊबदार खोली, कुंची-दुपट्यांची ऊब, सकस आहार, बाळाला आईच्या कुशीतच ठेवणे, बाहेरच्या माणसांची वर्दळ नको, या आपल्या रीती विज्ञानालाही मान्य आहेत. लहान वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घालावे, ही आजची सर्वोत्तम ऊब होय. तिला विजेचे यंत्रही लागत नाही.

येथे आजीबाईंची मर्जी हा मुद्दा किती मोलाचा आहे, हे नेपाळने शिकविले. त्या देशात १९८८ पासून महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांची योजना आहे. आज त्यांची संख्या ५० हजारांच्या घरात जाते. मकवानपूर जिल्ह्यात एक निराळा प्रयोग झाला. तेथे औषध वा सुई देणारी बाई नेमली नाही. गावातीलच एक साक्षर स्त्री दर महिन्यास स्त्रियांची बैठक भरवी. चित्रे दाखवून, गोष्टी सांगून, आपल्या गावात बाळे व बाळंतिणी का दगावतात याची चर्चा व्हावयाची आणि उपाय स्त्रियांनीच काढावयाचे. कोणी सामाईक पैशांची पेटी सुरू केली, कोणी आजाऱ्यास नेण्यासाठी डोली तयार केली, कोणी बाळंतपणाच्या स्वच्छ सामानाच्या पुड्या बांधल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणे बैठकांच्या गावांत पहिल्या महिन्यातील मृत्यू हजारी सुमारे २६ होते, तर इतर गावांत सुमारे ३७. जे ज्ञान बाहेरून हुकूम म्हणून आले असते ते कदाचित ओटीवरूनच परत गेले असते. बायकांनी आपसांत बसून ते आपले केले, म्हणून ते बाळंतिणीच्या खोलीत शिरले.

आफ्रिका खंडातील इथिओपियाची गोष्ट दुसऱ्या अंगाने बोधप्रद आहे. तेथील सनातनी ख्रिस्ती कुटुंबांत मुलाचा नामसंस्कार चाळिसाव्या दिवशी व मुलीचा ऐंशीव्या दिवशी होतो, आणि तोवर आई बाळासह घरातच राहते. आपल्या सोयराची आठवण व्हावी अशीच ही रीत! त्या देशाने २००३ साली आरोग्यविस्ताराची योजना आरंभिली. सुमारे पाच हजार वस्तीच्या प्रत्येक विभागास, ज्यास तेथे केबेले म्हणतात, दोन स्त्रिया. दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच मुलुखातल्या, वर्षभर शिकवून तयार केलेल्या, आणि विशेष म्हणजे सरकारी पगारावर नेमलेल्या. अशा तीस हजारांहून अधिक स्त्रिया काही वर्षांत कामास लागल्या. २००० साली तेथे पाच वर्षांच्या आत हजारी १६६ बालके मृत्यू पावत. २०१६ साली ती संख्या ६७ वर आली. पण पहिल्या महिन्याचे मृत्यू मात्र ४९ वरून २९ पर्यंतच उतरले. मोठ्या मुलांच्या मानाने नवजातांचे रक्षण मागे का पडले? इतरही कारणे असतील. परंतु मोठे मूल आरोग्यकेंद्रात आणता येते, लस टोचता येते, आणि नवजात बालक बंद दाराआड असते, हे त्यांतील मुख्य कारण असावे असे आम्हांस वाटते. म्हणूनच २०१३ पासून त्या देशाने नवजातांच्या घरपोच सेवेची निराळी योजना हाती घेतली. दार उघडणे हेच सर्वांत अवघड काम, हे तेथेही कळून आले.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्या वाचकांच्या मनात येईलच. "हे सारे डॉक्टर नसलेल्या गरिबांसाठी ठीक आहे, अर्धवट शिकलेल्या बाईवर विसंबून राहणे हे काय शहाणपणाचे?" यास आमचे उत्तर असे. ती डॉक्टरची जागा घेत नाही आणि घेऊ शकणारही नाही. बाळंतिणीस अतिशय रक्तस्राव झाला, झटके आले, मूल अडले, तर तेथे रक्तपेढी, शस्त्रक्रियेची सोय आणि वेळेवर मिळणारे वाहन हेच तारतात. शंभर गृहभेटींनी तो प्रश्न सुटत नाही. ज्या देशांनी केवळ गावातील बाई नेमली आणि इस्पितळ, औषधे, वाहन यांकडे दुर्लक्ष केले, त्यांनी त्या बाईच्या हाती रिकामी पिशवी दिली. गडचिरोलीचे यश हे एकट्या बाईचे नव्हते. तिच्या मागे शिक्षण, औषधांचा अखंड पुरवठा आणि आठवण ठेवून येणारा तपासनीस उभा होता. पण याच न्यायाने उलटही खरे आहे. ज्या घरात डॉक्टर आहे, मोटार आहे, पैसा आहे, पण बाळाचे पाय गार पडले हे ओळखणारा हात नाही, त्या घराचीही पिशवी रिकामीच समजावी.

दुसरी गोष्ट तिच्या मोबदल्याची. ती आम्हांस अधिक बोचते. नेपाळातील स्त्रीला स्वयंसेविका म्हणतात. इथिओपियानेही २०११ पासून पगारी स्त्रियांच्या हाताखाली, पाच घरांमागे एक, अशी विनावेतन शेजारणींची फौज उभी केली. आपल्या आशाताईला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. २०११ च्या योजनेत एका बाळाच्या सर्व भेटींचा क्रम पुरा झाला म्हणजे २५० रुपये, असा दर ठरला होता. वाचकांनी हिशेब करून पाहावा. घरी बाळ-बाळंतिणीस तेल लावावयास येणाऱ्या बाईस आपण एका आठवड्यात याहून अधिक देतो, आणि ते योग्यच आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लक्षांहून अधिक आशाताईंचा गौरव केला. २०२४ च्या आरंभी त्याच आशाताई वाढीव मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. गौरवाने मान ताठ होते. परंतु चूल पेटत नाही.

स्त्रीने केलेल्या सेवेला सेवा म्हणून हात जोडावयाचे आणि काम म्हणून मोल द्यावयाचे नाही, ही खोड जुनी आहे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेचे व सुईणपणाचे शिक्षण देण्याचा उपक्रम केला, तेव्हा आपल्याच समाजातील पुष्कळांनी नाके मुरडली होती. परक्या घरी जाऊन परक्यांची शुश्रूषा करणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, असे म्हणत. आज आपल्या लेकी परिचारिका व डॉक्टर झाल्याचे आपण अभिमानाने सांगतो. ओटीवर उभ्या राहिलेल्या आशाताईकडे पाहताना मात्र तेच जुने नाक कधी कधी आपल्या चेहऱ्यावर परत येते. ती कोणत्या आळीतून आली, तिची साडी कशी, तिचे शब्द कसे, हे आपण पाहतो. तिच्या वहीत काय आहे ते पाहत नाही.

तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे. डॉक्टर आहेत असे सांगण्यात चूक नव्हती. चूक झाली ती अशी की, तिचे ज्ञान गरिबांकरिता व आपले ज्ञान आपल्याकरिता, असे दोन वाटे आपण मनात केले. बाळाचे शरीर असे वाटे मानीत नाही. ज्या घरी बाळंतपण येऊ घातले आहे त्या घराने आधीच आपल्या भागातील आशाताईची वा परिचारिकेची गाठ घ्यावी. तिच्या भेटींचे दिवस विचारून ठेवावे. ती आली की तिला आत न्यावे, हात धुण्यास पाणी व साबण द्यावा, आणि घरातील वडील स्त्रीने तिच्या शेजारी बसून ती काय पाहते ते पाहावे. शहरात, जेथे अशी बाई येत नाही, तेथे घरातील दोघींनी तरी धोक्याच्या खुणा शिकून घ्याव्या: पिणे मंदावणे, श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, अंग गार वा तापलेले असणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, झटके येणे, हालचाल मंद होणे. यांपैकी एकही दिसली तर रात्र जाऊ देऊ नये. आणि जे आपले वाचक ग्रामसभेत, नगरपालिकेत वा सरकारदरबारी बोलू शकतात, त्यांनी या स्त्रियांच्या वेतनाविषयी बोलावे. त्यात उपकार नाही. ते देणे आहे.

आता सातव्या दिवसाचे वृत्त. ती पुन्हा आली तेव्हा सासूबाई ओटीवरच होत्या. या वेळी आतून बाळंतिणीने हाक मारली, "आजी, येऊ द्या तिला. बाळ सकाळपासून नीट पीत नाही." आशाताई आत गेली. पाय गार होते, वजन उतरले होते, श्वास दोनदा मोजले तेव्हा दोन्ही वेळा साठाच्या वर भरले. तिने बाळ आईच्या छातीशी धरून वर शाल घातली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुमचे डॉक्टर आहेत ना, आजी? मग दिवस मावळायच्या आत न्या. असेच छातीशी धरून न्या." डॉक्टरांनी जंतुदोषाचा आरंभ झाल्याचे सांगितले व बाळास सात दिवस ठेवून घेतले. आता बाळ घरी आहे, आणि ओढून पिते.

ज्या दिवशी बाळ घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी आशाताईस निरोप धाडला. ती आली तेव्हा तिला माजघरात पाटावर बसविले आणि विचारले, "आता पुन्हा केव्हा?" ती म्हणाली, "एकविसाव्या दिवशी, आजी." भगिनी लिहितात की, सासूबाईंनी चष्मा लाविला, नातवाकडून पेन मागून घेतले, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तारीख आपल्या हाताने लिहून ठेविली.